दाविदाचे पाप व पश्चात्ताप
दाविदाचे पाप व पश्चात्ताप : बायबलच्या जुन्या करारातील एक प्रसंग. इस्राएलचा राजा दावीद (इ. स. पू. सुमारे १०००) याने केलेला व्यभिचार, तो झाकण्यासाठी घडवलेला खून, नाथान संदेष्ट्याने त्याला दिलेला जाब आणि देवाने केलेली क्षमा यांचा वृत्तान्त ‘दुसरे शमुवेल’ या ग्रंथाच्या ११ व १२ या अध्यायांत आहे. वेळीच न आवरलेले पाप माणसाला कुठवर नेते आणि तेथूनही देवाची कृपा त्याला कशी परत आणते, हे शिकवताना ख्रिस्ती परंपरेने या प्रसंगाचा सतत आधार घेतला.

सेनापती यवाब अम्मोन्यांच्या राब्बा नगराला (आजचे जॉर्डनमधील अम्मान) वेढा घालून बसला असताना दावीद यरुशलेमेतच राहिला होता. संध्याकाळी वाड्याच्या गच्चीवर फिरताना त्याला स्नान करणारी बथशेबा दिसली. ती उरिया हित्ती या आपल्याच योद्ध्याची पत्नी असल्याचे चौकशीत कळले, तरी त्याने माणसे पाठवून तिला आणवले. तिची संमती होती की नव्हती, याविषयी वृत्तान्त काहीच सांगत नाही. दोष मात्र तो राजाच्याच पदरात घालतो. पुढे प्रवचनांतून आणि चित्रांतून बथशेबेला मोहात पाडणारी ठरवले गेले, त्याला शास्त्रात आधार नाही.

खरी घसरण येथून पुढची. बथशेबा गरोदर असल्याचा निरोप येताच दाविदाने उरियाला रणांगणावरून बोलावून घेतले, लढाईची विचारपूस केली आणि घरी जाण्यास सांगितले. मूल उरियाचेच ठरावे, हा बेत. उरिया गेला नाही. कराराचा कोश आणि सारे सैन्य मांडवांत, उघड्या रानात असताना आपण घरचे सुख कसे भोगावे, असे म्हणून तो वाड्याच्या दाराशी चाकरांबरोबर झोपला. राजाने त्याला दारू पाजून पाहिली. तरीही तो घरी फिरकला नाही. मग दाविदाने यवाबाला पत्र लिहिले: उरियाला घनघोर लढाईच्या तोंडी द्यावे आणि बाकीच्यांनी मागे हटावे. हे पत्र त्याने उरियाच्याच हाती दिले. उरिया मारला गेला, त्याच्याबरोबर आणखी काही सैनिकही पडले. बथशेबेचे सुतक संपताच दाविदाने तिला वाड्यात आणून पत्नी केले.

या वाटेवर थांबण्याच्या जागा अनेक होत्या. प्रत्येक ठिकाणी दाविदाने कबुलीऐवजी लपवणे पसंत केले आणि प्रत्येक लपवणुकीला आधीपेक्षा मोठे पाप लागले. मूल जन्माला येईपर्यंत त्याने तोंड उघडले नाही. नाथानाने येऊन त्याला एक गोष्ट सांगितली: गरिबाजवळ एकच कोकरी होती, ती त्याच्या ताटातले खाई आणि त्याच्या कुशीत निजे, त्याच नगरातल्या धनवानाने पाहुण्यासाठी स्वतःच्या कळपातले जनावर सोडून तीच कापली. दावीद संतापला आणि त्या धनवानाला मृत्युदंडाच्या लायकीचे ठरवले. स्वतःच्या बाबतीत बधिर झालेली त्याची न्यायबुद्धी दुसऱ्याच्या बाबतीत शाबूत होती. तो धनवान म्हणजे राजाच, हे नाथानाने तोंडावर सांगितल्यावर दाविदाने कोणतीही सबब न देता पाप कबूल केले आणि नाथानाने तत्क्षणी क्षमा जाहीर केली. कृपेची सुरुवात क्षमेपासून नव्हे, देवाने नाथानाला पाठवण्यापासून मानावी लागते. दाविदाने त्याला बोलावले नव्हते.

परिणाम मात्र टळले नाहीत. सातव्या दिवशी ते मूल दगावले. पुढे दाविदाचा मुलगा अम्नोन याने सावत्र बहीण तामार हिच्यावर बलात्कार केला, तिचा भाऊ अबशालोम याने अम्नोनाला मारले आणि नंतर बापाविरुद्ध बंड करून स्वतःही प्राण गमावला. दुसरीकडे बथशेबेच्याच पोटी शलमोन जन्मला. ‘पहिले इतिहास’ या ग्रंथाने राब्बाचा वेढा सांगताना हे प्रकरण गाळले. मत्तयाने मात्र येशूच्या वंशावळीत शलमोनाच्या आईचा उल्लेख उरियाची पत्नी असाच केला आणि मारल्या गेलेल्या माणसाचे नाव तेथे राहू दिले.

स्तोत्रसंहितेतील ५१ वे स्तोत्र याच प्रसंगाचे, असे त्याच्या शीर्षकात म्हटले आहे. शेवटच्या दोन ओव्यांत यरुशलेमेचे तट बांधण्याची प्रार्थना असल्याने निदान तो भाग नंतरचा असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. इ. स. ३९० मध्ये थेस्सलोनिका येथे रोमन सम्राट थिओडोशियसच्या हुकमाने हजारोंची कत्तल झाली, तेव्हा मिलानचा बिशप अँब्रोझ याने त्याला पत्र लिहून दाविदाचे उदाहरण दिले. सम्राटाने जाहीर प्रायश्चित्त घेतले.

कृपा मिळतेच, मग पाप करायला हरकत काय, हा प्रश्न संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात स्वतःच उपस्थित करून ठामपणे फेटाळला. केवळ इच्छाशक्तीच्या जोरावर पाप जिंकता येते, हे धर्मशिक्षक पेलागियसचे मत संत ऑगस्टीनने खोडले आणि ४१८ च्या कार्थेज परिषदेने अमान्य केले. इंग्लंडमधील प्युरिटन धर्मपंडित जॉन ओवेन याने १६५६ मध्ये विश्वासणाऱ्यांतील पाप मारण्याविषयी ग्रंथ लिहिला. ते रोजचे आणि पवित्र आत्म्याच्या बळाने करायचे काम आहे, हा त्याचा आग्रह. पश्चात्तापाविना वाटल्या जाणाऱ्या स्वस्त कृपेवर डीट्रिच बॉनहोफरने १९३७ मध्ये जर्मनीत केलेली टीका याच धाग्यातली. कॅथलिक धर्मगुरूपुढे पापनिवेदन करतात, बहुतेक प्रॉटेस्टंट थेट देवापाशी. पाप कबूल केले पाहिजे, याविषयी दोघांत दुमत नाही.

राखेच्या बुधवारी जगभरच्या कॅथलिक मिस्सेत, वसईच्या मराठी मिस्सेतही, ५१ वे स्तोत्र म्हटले जाते. त्याच्या जोडीने ‘दुसरे शमुवेल’चे ११ ते १८ हे अध्याय सलग वाचावेत. बाराव्या अध्यायातील क्षमेपाशीच थांबणाऱ्या वाचकाच्या नजरेतून तामार सुटते.