पुनालुऊला निघताय? चपला हातात घ्या

हातात घ्या म्हटलं खरं, पण घालून चालायचं धाडस इथे कुणी करतही नाही. काळ्या वाळूत चपला रुततात. ही वाळू म्हणजे समुद्रात पडून फुटलेला लाव्हा. दुपारी ती असा चटका देते की तुम्ही आपसूक नाचायला लागता. पोरं हसतील, हसू द्या. तुम्ही हवाई बेटाच्या दक्षिणेला, काऊ भागात उतरला आहात. साल 1868, एप्रिलची 2 तारीख.

तहान लागली? मग समुद्रात शिरा. चेष्टा नाही करत. किनाऱ्यालगत समुद्राच्या तळातून गोड्या पाण्याचे झरे फुटतात. वर पाणी कोमट, आणि खाली अचानक पोटरीला गार धार लागते. तिथेच बुडी मारायची आणि तुंबा उघडून भरून घ्यायचा. नाकातोंडात थोडं खारं जाणारच.

वर या. गवताने शाकारलेल्या घरांतून धूर येतोय. खड्ड्यात तापलेल्या दगडांवर पानांत गुंडाळलेला कालो शिजतोय. कालो म्हणजे आपला अळूच, पण इथे भाजीपेक्षा कंदाला मान. शिजलेला कंद लाकडी पाटावर दगडाने कुटतात. थप, थप, थप. त्याची पोई होते, जांभळट, चिकट, दोन दिवसांनी आंबूस. बोटांनी खायची, सोबत खारवलेली मासळी. पहिला घास तुम्हाला आवडणार नाही. तिसरा आवडेल.

चटई थरथरली. तुम्ही दचकलात, बाकी कुणी मानही वर केली नाही. आठवडाभर हेच चाललंय. शनिवारी तर असा हिसका बसला की दगडी भिंती आडव्या झाल्या. आजी म्हणतात, पेले रागावली आहे, ज्वालामुखीची देवी. आणि त्याच आजी रविवारी चर्चमध्ये स्तोत्रं म्हणतात. घर हलत असताना एकाच देवावर भिस्त कोण ठेवेल?

चार वाजलेत. आधी आवाज येतो, जमिनीखालून, पायांतून पोटात चढणारा. मग जमीन उसळते. उभं राहायचा प्रयत्न करू नका, कुणालाच जमत नाहीये. बसा, हातपाय फाकवून जमीन धरा, तरी कलंडाल. घोडे पडलेत. माडांचे शेंडे जमिनीकडे झुकतात आणि उलट फेकले जातात. डोंगराकडून लाल धूळ उठते, तोंडात मातीची चव येते. वरच्या खोऱ्यात चिखलाचा अख्खा डोंगर सुटलाय. काही मिनिटांत त्याने 31 माणसं आणि शेकडो गुरं गाडली. हे तुम्हाला इथून दिसत नाही. दिसतो तो फक्त लाल ढग.

थांबलं. लोक रडतायत, हाका मारतायत, कुणी घरात डोकावतंय. चला! घरात नका जाऊ, सामान नको, डोंगराकडे पळा. सगळी भीती जमिनीची आहे, समुद्राकडे पाठ आहे, आणि तिथेच फसगत आहे. भूकंप या बेटाच्याच पोटातला असल्याने लाट यायला वेळ लागत नाही. खालून आवाज येतो, खडी भरलेल्या शंभर गाड्या एकदम उलटल्यासारखा. वळून पाहाल तर माडांच्या बुंध्यांत पाणी नाही, माडांवरच पाणी आहे. कुडाचा चुरा, होड्या, डुकरं, छपरं, सगळं एकत्र घुसळत वर येतंय. कुजकट शेवाळाचा वास येतो. मग सगळं उलटं ओढलं जातं, आणि ते ओढणं जास्त भयंकर आहे. पुनालुऊ, निनोले, होनुआपो, किनाऱ्यावरची गावंच्या गावं गेली. या लाटेत चाळीसहून अधिक माणसं बुडाली.

निनोलेच्या होलोउआची गोष्ट मात्र काऊभर होणार आहे. बायकोबरोबर तो डोंगराकडे पळाला होता, पण घरात ठेवलेले पैसे आठवले आणि मागे फिरला. लाटेने घरासकट त्याला समुद्रात नेलं. असं सांगतात की त्याने एक फळी ओढून काढली आणि पुढच्या लाटेवर तिच्यावरूनच किनारा गाठला. लाटांवर फळी चालवण्यात हवाईच्या माणसांचा हात कुणी धरत नाही, तरी पैशासाठी मागे फिरणं हा वेडेपणाच.

रात्र उघड्यावर काढायची आहे. सगळे चटया एकमेकींना चिकटवून टेकडीवर झोपलेत, आणि दर थोड्या वेळाने जमीन पाठीला ढुशी देते. सकाळी समुद्राचं पाणी नेहमीच्या खुणेपेक्षा आत दिसेल. ते चढलेलं नाही, किनाराच खाली बसलाय. मुक्काम वाढवायचा विचार असेल तर आधीच सांगतो: पाचच दिवसांनी पश्चिमेला काहुकूत डोंगराची कूस फाटून लाव्हा समुद्राकडे निघणार आहे. परतीचं तिकीट आजचंच ठेवलेलं बरं.