महाविद्यालयीन नोंदपद्धती व नामलेखनाचा प्रश्न

विद्यार्थ्यांची नोंद ठेवणे हे वरकरणी केवळ कारकुनी काम होय. तथापि नोंदीचे साधन बदलत गेले, तसतसे विद्यार्थ्याच्या नावाचे लेखनही बदलत गेले, असे दिसून येते. त्याचा विचार येथे संक्षेपाने करावयाचा आहे.

जनरल रजिस्टरात रकाने आखलेले असत. परंतु लेखनिकास समासात दुरुस्ती वा शेरा लिहिण्याची मोकळीक होती. एडगर कॉड यांनी १९७० साली कोष्टकरूप संबंधांवर आधारलेले माहितीचे प्रतिमान मांडले. त्यावर उभारलेल्या प्रणालींत समास उरला नाही. ज्या माहितीस रकाना नाही, तिला जागाही नाही. प्रत्येक नोंदीची ओळख पटविण्याचे काम मात्र क्रमांकाकडे आले. १९९५ साली एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत वेबवर भरावयाच्या अर्जाची सोय प्रमाणित झाली आणि पुढे रकाने भरण्याचे काम लेखनिकाकडून खुद्द विद्यार्थ्याकडे गेले.

लिपीचा इतिहास याहून निराळा आहे. १९९१ साली युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीचा समावेश झाला. त्यास १९८८ च्या ‘इस्की’ या भारतीय संकेताचा आधार होता. तरीही संगणकावरील पुष्कळसा मराठी मजकूर दीर्घकाळ विशिष्ट फाँटशी बांधलेला राहिला; फाँट बदलताच अक्षरे निरर्थक होत. साहजिकच नाव रोमी अक्षरांत घेणे सोयीचे वाटले. प्रचलित रोमी लेखनात ‘ळ’ व ‘ल’, ‘ण’ व ‘न’, तसेच बहुधा ‘अ’ व ‘आ’ यांतील भेद लोपतो. बाळ आणि बल यांचे लेखन एकच होते. देवनागरीवरून रोमी रूप सिद्ध करता येते; रोमीवरून मूळ देवनागरी रूप निश्चित करता येत नाही. गुणपत्रकावर ‘काणे’चे ‘काने’ झाले, की दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे सिद्ध करण्याचा भार विद्यार्थ्यावरच पडतो.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्यांच्या नावात वडिलांच्या नावापूर्वी आईचे नाव लिहिण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला आहे. हे चतुष्पदी नाव तीन रकान्यांच्या साच्यात मावणारे नाही.

ओळख क्रमांकाने पटत असल्यामुळे नाव साच्यात बसविण्याचे आता कारण उरलेले नाही. म्हणून प्रवेशसमयी संपूर्ण देवनागरी नाव मूळ मानून एका रकान्यात घ्यावे, रोमी रूप स्वतंत्र ठेवावे व दोन्ही विद्यार्थ्याकडून तपासून घ्यावीत, हेच इष्ट होय.