दलालावांचून व्यापार

नाणें कशासाठीं निघालें, हें त्याच्या जनकानेंच लिहून ठेवल्याचें उदाहरण विरळा. बिटकॉइनचें मात्र तसें आहे. २००८ च्या ऑक्टोबरांत सातोशी नाकामोतो या टोपणनांवानें जो छोटेखानी निबंध प्रसिद्ध झाला, त्याचा आरंभच इंटरनेटवरील व्यापाराच्या एका गाऱ्हाण्यानें होतो. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्यामध्यें पेढी बसलेली असते. दिलेला पैसा परत फिरूं शकतो, म्हणून तंटे सोडविणें तिला प्राप्त होतें. त्या मध्यस्थीचा खर्च व्यवहारावर चढतो आणि बारीकसारीक खरेदी परवडेनाशी होते. यावर उपाय म्हणून पेढीवांचून चालणारें, एकदां दिलें कीं परत न फिरणारें चलन त्यानें सुचविलें.

गाऱ्हाणें खोटें नव्हतें. अमेरिकेंत कार्डानें पैसे घेतल्यास दुकानदाराचे शेंकडा दोन-तीन डॉलर मधल्यामध्यें कापले जातात. शिवाय माल रवाना झाल्यावर 'हा खर्च माझा नव्हे' असें कार्डधारकानें कळविलें, तर माल आणि पैसा दोन्ही जाण्याची भीति. २०१४ च्या जानेवारींत ओव्हरस्टॉक या गृहोपयोगी वस्तूंच्या अमेरिकन दुकानानें बिटकॉइन घेण्यास आरंभ केला, तेव्हां त्याचा मोठा गाजावाजा झाला; त्याच वर्षीं डेल व मायक्रोसॉफ्ट हेही त्या वाटेस लागले. परंतु आंत डोकावून पाहतां गंमत दिसते. कॉइनबेस नांवाची पेढी गिऱ्हाइकाचें बिटकॉइन घेई आणि ओव्हरस्टॉकच्या पदरांत डॉलर टाकी. आज एक भाव तर उद्यां दुसरा, असें नाणें गल्ल्यांत ठेवून नोकरांचे पगार कोणी द्यावेत? ज्या मध्यस्थाला घालवून देण्यासाठीं हा सारा खटाटोप, तो मागील दारानें पुन्हां ओसरीवर येऊन बसला. आतां त्याला सराफ म्हणावयाचें, एवढेंच.

शिवाय परत न फिरणारा पैसा हें दुकानदाराचें सुख, गिऱ्हाइकाचें काय? वस्तु सदोष निघाली आणि दुकानदारानें कानावर हात ठेवले, तर दाद कोणाकडे मागावी? धोका नाहींसा झाला नाहीं, तो खरेदीदाराच्या खांद्यावर गेला. कार्ड हातीं असतां त्यानें तो कां उचलावा?

खरी कसोटी २०१७ सालीं लागली. स्टीम हें संगणकावरील खेळांचें दुकान २०१६ पासून बिटकॉइन घेत होतें. प्रारंभीं एका व्यवहारास सुमारें २० सेंट हशील पडे. या नाण्याच्या सार्वजनिक वहींत ठराविक काळांत मोजकेच व्यवहार चढूं शकतात. सट्टेवाल्यांची झुंबड उडाली, तसा त्या जागेचा जणूं लिलाव सुरू झाला आणि हशील सुमारें २० डॉलरांवर गेलें. कित्येक खेळांची किंमतही तेवढी नसते! त्यांतच नोंद होईपर्यंत भाव उतरला कीं पैसे कमी पडत. मग उरलेले मागवा किंवा आलेले परत करा, हशील पुन्हां गिऱ्हाइकाच्याच माथीं. ६ डिसेंबर २०१७ रोजीं स्टीमनें हा प्रयोग आटोपता घेतला.

पुढें डॉलरशीं भाव बांधलेलीं नाणीं आलीं, आणि २०२५ मध्यें शॉपिफायनें त्यांपैकीं एक, यूएसडीसी, स्वीकारण्याची सोय आपल्या दुकानदारांसाठीं जाहीर केली. भावाची धास्ती येथें पुष्कळच कमी. तथापि या नाण्यामागें डॉलरांचा साठा राखणारी एक कंपनी उभी असते; आणि २०२३ च्या मार्चमध्यें सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली तेव्हां यूएसडीसीचा भाव कांहीं दिवस डॉलरच्या खालीं गेला, कारण त्या साठ्यापैकीं कांहीं रक्कम त्याच बँकेंत ठेवलेली होती.