हिवाळ्यातली लग्ने आणि छायाचित्रकार

लंडनमध्ये २५ जानेवारी १८५८ रोजी व्हिक्टोरिया राणीच्या ज्येष्ठ कन्येचा विवाह प्रशियाच्या राजपुत्राशी झाला, त्या सकाळी वधूची मातापित्यांसमवेत जी तसबीर घेण्यात आली, तीत राणीची मुद्रा अंधुक उमटली आहे. कारण चित्र उमटेपर्यंत निश्चल बसणे प्राप्त असताना मनाच्या व्याकुळतेने सुटलेला कंप तिला आवरता आला नाही. राजवाड्यात छायाचित्रकाराला पाचारण करणे सोपे होते. सामान्य जनांना मात्र लग्नघरची तसबीर मिळणे जवळजवळ अशक्यच होते.

१८५१ मध्ये प्रचारात आलेल्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कोलोडियनचा लेप देऊन, ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून, ओली असतानाच तीवर चित्र घ्यावे लागे आणि वाळण्यापूर्वी धुवावेही लागे; म्हणजे अवजड काचा, रसायने आणि अंधाऱ्या खोलीचा तंबू हा सारा सरंजाम बरोबर नेणे आले, आणि थंडीने रसायनांची क्रिया मंदावली की तोही व्यर्थ. म्हणून लग्नानंतर वधूवरच पोशाख करून छायाचित्रकाराच्या दुकानी जात. आपल्याकडे चातुर्मासात लग्ने होत नसल्याने पावसाळ्याचा प्रश्न रूढीनेच सोडवला होता. थंड देशांत तसा आधार नव्हता.

हे संकट दूर केले ते रिचर्ड लीच मॅडॉक्स या इंग्रज वैद्याने. कोलोडियनमधील ईथरच्या वाफांनी प्रकृतीस अपाय होऊ लागल्यामुळे त्याने १८७१ मध्ये जिलेटिनचा लेप सुचवला, आणि पुढे त्यातूनच कारखान्यात तयार होणाऱ्या कोरड्या काचा बाजारात आल्या. १८८७ मध्ये जर्मनीत मॅग्नेशियमची प्रकाशचूर्णे निघाली. नॉर्वेतल्या ट्रॉम्सोसारख्या गावी, जिथे नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाही, तिथे लग्नघरात प्रकाश पाडण्याची सोय या चूर्णाने झाली. धूर आणि स्फोटाचे भय यांसह का होईना.

आता छायाचित्रकाराला घरी बसण्याची सबब उरली नाही. बर्फावरच्या घसरगाडीतून सामान नेऊन तो लग्नघरी पोचला, तरी उबदार दिवाणखान्यात शिरताच गार भिंगावर दव साचे, आणि पेटी बंदच ठेवून ती खोलीच्या उष्णतेला येईपर्यंत वाट पाहण्यावाचून गत्यंतर नसे. झडपेतले तेल थिजे. फिल्मची गुंडाळी आल्यावर नवीच आपत्ती उद्भवली: कोरड्या, गार हवेत ती घाईने फिरवली की स्थिरविद्युतेच्या ठिणग्या उडत, आणि चित्रावर विजेच्या शाखांसारख्या रेषा उमटत. संयमाने हळूहळू फिल्म फिरवणे हे या धंद्यातले खरे कसब होते, आणि माझ्या मते भिंगांच्या निर्मात्यांइतकाच मान या कारागिरांना मिळावयास हवा.

परंतु त्यांच्या प्रवासाचे दफ्तर कोणी ठेवले नाही. पुठ्ठ्यावर दुकानाचा छाप तेवढा राहिला. वाचकांच्या घरी जुनी लग्नाची तसबीर असेल, तर चौकट बदलताना तो पुठ्ठा टाकून देऊ नये, आणि तिथी, गाव, छायाचित्रकाराचे नाव घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारून आजच पेन्सिलीने मागे लिहून ठेवावे.