कर्मरकरांची रीती आणि आव्यूहांचे अवयवीकरण

इ. स. १९८४ मध्ये नरेंद्र कर्मरकर यांनी रैखिक कार्यक्रमणाची नवी रीती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या वेगाचा गवगवा फार झाला. तो वेग ज्यावर अवलंबून होता त्या आव्यूहगणिताची चर्चा मात्र मागे पडली. ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले कर्मरकर १९७८ साली मुंबईच्या उपनगरातील, पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे पदवीधर झाले व पुढे अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत गेले.

या रीतीत प्रत्येक पावलास एका सदिशाचे रेषीय उपावकाशावर प्रक्षेपण घ्यावे लागते. त्यासाठी 'अ·ड·अ′' या आव्यूहाची समीकरणे सोडवणे प्राप्त होते. येथे अ हा निर्बंधांचा आव्यूह, अ′ त्याचा परिवर्त आणि ड हा दर पावलास बदलणारा धन कर्णीय आव्यूह होय. मूळ निबंधात ड मधील मोजकीच पदे बदलून जुना व्यस्त आव्यूह सुधारून घेण्याची युक्ती होती. तीमुळे परिश्रमाच्या मर्यादेत चलसंख्येचा घात चारावरून साडेतीनवर आला.

व्यवहारात व्यस्त आव्यूह काढीत नाहीत. चोलेस्की यांच्या पद्धतीने त्या गुणाकाराचे अधस्त्रिकोणी आव्यूह व त्याचा परिवर्त असे अवयव पाडतात. खरी अडचण येथेच आहे. ठराविक जागी शून्ये असलेले आव्यूह मिळून एक रेषीय उपावकाश होतो, परंतु त्यातील आव्यूहाचे अवयव त्याच शून्यरचनेत राहतील असे नाही. शून्यांच्या जागी नवी पदे भरतात आणि विरलतेचा लाभ हातचा जातो. ही भर कोणत्या क्रमाने पूर्णतः टळते, याचे उत्तर रोझ यांनी १९७० साली आलेखांच्या भाषेत दिले: आव्यूहाचा आलेख त्रिकोणित हवा, म्हणजे चार वा अधिक बिंदूंच्या प्रत्येक चक्रास जीवा हवी. सर्वसाधारण आव्यूहांत असे भाग्य क्वचितच. मात्र ड बदलला तरी गुणाकाराची शून्यरचना तीच राहते. म्हणून क्रमाचा विचार एकदाच करून पुरतो. एड्लर, रेझेंडे, व्हेगा व कर्मरकर यांच्या १९८९ च्या निबंधात रीतीची प्रत्यक्ष संगणकीय मांडणी आढळते.

श्रेयाचा वाद निराळाच. १९८६ साली गिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीती जुन्या लघुगणकी अवरोध-पद्धतीशी समतुल्य ठरवली. तरीही १९८८ मध्ये अमेरिकेत तिला एकस्व मिळाले. कर्णीय मापन-परिवर्तनाची सोपी कल्पना सोव्हिएत गणिती दिकिन यांनी १९६७ सालीच मांडली होती, पण पाश्चात्त्यांचे तिकडे लक्ष गेले ते कर्मरकरांच्या निबंधानंतर.