नवा सांगाडा, जुने इंजिन : भारतीय मोटारउद्योगाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रस्तावना

मोटारगाडीचा इतिहास बहुधा तिच्या बाह्य रूपावरून लिहिला जातो. नवा सांगाडा आला की नवी गाडी आली, असे आपण समजतो. तथापि गाडीच्या पत्र्याचे वय आणि तिच्या इंजिनाचे वय एकच असते, असे नाही. स्वातंत्र्योत्तर भारतात नव्या सांगाड्यात जुने इंजिन बसवून गाडी बाजारात आणल्याची उदाहरणे एकाहून अधिक आहेत. त्यांकडे केवळ कारखानदारांची काटकसर किंवा ग्राहकाची फसवणूक म्हणून पाहिले जाते. हे मत अपुरे आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. त्यासाठी लँडमास्टर व अ‍ॅम्बेसेडर, कॉन्टेसा आणि स्टँडर्ड २००० या गाड्यांचा येथे विचार केला आहे.

धोरणाची पार्श्वभूमी

जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीने १९२८ पासून मुंबईत गाड्यांची जुळणी सुरू केली होती. सुटे भाग बाहेरून यावेत व येथे केवळ जोडले जावेत, असे त्या व्यवसायाचे स्वरूप होते. हिंदुस्थान मोटर्स ही कंपनी १९४२ मध्ये स्थापन झाली. प्रारंभी तिचे काम गुजरातमधील ओखा बंदरात चाले. १९४८ मध्ये ते कलकत्त्याजवळील उत्तरपाडा येथे हलविण्यात आले. वालचंद हिराचंद यांच्या पुढाकाराने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली व तिचा कारखाना कुर्ला येथे उभा राहिला.

१९५३ मध्ये टॅरिफ कमिशनने आपला अहवाल दिला. केवळ जुळणी करणाऱ्या कंपन्यांना मुदत द्यावी आणि टप्प्याटप्प्याने सर्व भाग भारतातच बनविण्याचा कार्यक्रम ज्यांच्याकडे आहे त्यांनाच पुढे वाव द्यावा, असा त्याचा आशय होता. जनरल मोटर्स व फोर्ड यांनी येथील काम आवरते घेतले. जे कारखाने उरले त्यांच्यापुढे प्रश्न होता तो इंजिनाचा. पत्र्याचे भाग साच्यात दाबून काढता येतात. इंजिनासाठी मात्र ओतीव काम, घडीव काम आणि अचूक यंत्रकाम अशी तिहेरी तयारी लागते. सिलिंडरचा ठोकळा, क्रँकशाफ्ट, पिस्टन, व्हॉल्व्ह यांतील प्रत्येकासाठी स्वतंत्र यंत्रसामग्री घ्यावी लागते आणि ती एका विशिष्ट इंजिनाच्याच मापाची असते. इंजिन बदलायचे म्हणजे यातील पुष्कळशी गुंतवणूक मोडीत काढायची. परकीय चलन दुर्मीळ असलेल्या देशात हा निर्णय सोपा नव्हता.

पहिले उदाहरण : लँडमास्टर व अ‍ॅम्बेसेडर

इंग्लंडमधील मॉरिस ऑक्सफर्ड या गाडीची एमओ ही मालिका १९४८ ते १९५४ या काळात निघाली. तिचे इंजिन १४७६ सीसीचे व साइड व्हॉल्व्ह पद्धतीचे होते. म्हणजे तिचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या माथ्यावर नसून बगलेत, ठोकळ्यातच असत. हीच गाडी भारतात ‘हिंदुस्थान १४’ या नावाने आली. १९५२ मध्ये ऑस्टिन व मॉरिस यांचे घराणे एकत्र येऊन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन निर्माण झाले. त्यानंतर १९५४ मध्ये आलेल्या ऑक्सफर्डच्या दुसऱ्या मालिकेला ऑस्टिनच्या आराखड्याचे, माथ्यावर व्हॉल्व्ह असणारे १४८९ सीसीचे इंजिन मिळाले.

भारतात ही दुसरी मालिका ‘लँडमास्टर’ या नावाने आली. परंतु तिच्या सांगाड्यात इंजिन होते ते आधीच्या ‘हिंदुस्थान १४’चे. पुढे ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून १९५७-५८ मध्ये अ‍ॅम्बेसेडर तयार झाली, तेव्हाही प्रारंभी तेच साइड व्हॉल्व्ह इंजिन तिच्यात कायम राहिले. म्हणजे सांगाड्याची दोन पावले पुढे पडली आणि इंजिन जागच्या जागी राहिले.

या दोन इंजिनांच्या आकारमानात केवळ १३ सीसीचा फरक आहे. शक्तीत मात्र तो सुमारे ४० विरुद्ध ५० अश्वशक्ती, म्हणजे जवळजवळ चौथाईचा आहे. साइड व्हॉल्व्ह रचनेत ज्वलनाची पोकळी बाजूला पसरते, त्यामुळे वायूचे संपीडन फारसे वाढविता येत नाही व वायूचा मार्गही वळणाचा होतो. उलट ही रचना साधी असते, साधारण प्रतीच्या पेट्रोलवर चालते आणि तिची दुरुस्तीही सोपी असते. शिवाय इंजिन आधीच्याच गाडीचे असल्यामुळे मिस्त्रीला ते नव्याने शिकावे लागत नव्हते. १९५९ मध्ये अ‍ॅम्बेसेडरला १४८९ सीसीचे इंजिन मिळाले. लँडमास्टरपासून मोजल्यास हा विलंब पाच वर्षांचा होता. नवउद्योगाच्या दृष्टीने तो समजण्याजोगा मानावा लागेल.

परदेशांतील दाखले

ही रीत केवळ भारतीय नव्हती. १९४८ मध्ये इंग्लंडमध्ये आलेल्या मॉरिस मायनरचा सांगाडा नवा होता. पण तिच्यासाठी योजलेले नवे इंजिन सोडून देऊन जुन्या मॉरिस एटचे ९१८ सीसीचे साइड व्हॉल्व्ह इंजिनच तिच्यात बसविले गेले. १९५२ पासून तिला ऑस्टिनचे ८०३ सीसीचे इंजिन मिळू लागले. जर्मनीत पोर्शे कंपनीने १९६५ मध्ये ९११ या गाडीच्या सांगाड्यात आधीच्या ३५६ या गाडीचे चार सिलिंडरचे इंजिन बसवून ९१२ ही तुलनेने स्वस्त गाडी काढली आणि ती चांगली खपली. येथे एक भेद लक्षात घेतला पाहिजे. जर्मन ग्राहकापुढे ९११ व ९१२ अशा दोन्ही गाड्या होत्या. जुने इंजिन ही त्याची निवड होती. भारतीय ग्राहकाला अशी निवड नव्हती.

दुसरा टप्पा : कॉन्टेसा व स्टँडर्ड २०००

१९८० च्या दशकातील उदाहरणे वेगळ्या प्रकारची आहेत. काटेकोर अर्थाने येथे इंजिन त्याच गाडीच्या पूर्वावताराचे नाही, तर त्याच कारखान्याच्या जुन्या गाडीचे आहे. १९८४ मध्ये आलेल्या कॉन्टेसाचा सांगाडा इंग्लंडमधील व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या १९७२ च्या मालिकेवरून घेतला होता. तेथे या गाडीला १७५९ सीसी किंवा त्याहून मोठे इंजिन असे. भारतात मात्र अ‍ॅम्बेसेडरचे १४८९ सीसीचे इंजिन तिच्यात बसविण्यात आले. लांबीरुंदीने मोठ्या असलेल्या या गाडीला ते अपुरे पडले. पुढे इसुझूचे १८१७ सीसीचे इंजिन आल्यावरच तिला तिच्या रूपाला शोभेल असे बळ लाभले.

मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने १९८५ मध्ये आणलेल्या स्टँडर्ड २००० ची कथा अधिक करुण आहे. तिचा सांगाडा इंग्लंडमध्ये १९७६ साली आलेल्या रोव्हर एसडी-१ चा होता. मूळ गाडी साडेतीन लिटरच्या आठ सिलिंडरच्या इंजिनाबद्दल प्रसिद्ध होती. तेवढे मोठे इंजिन भारतीय ग्राहकाला परवडणारे नव्हते, हे मान्य करता येईल. परंतु १९८२ पासून खुद्द इंग्लंडमध्येच त्या गाडीला दोन लिटरचे चार सिलिंडरचे तुलनेने नवे इंजिन मिळत होते. भारतात त्याऐवजी व्हॅन्गार्डच्या, म्हणजे १९४० च्या दशकातील घराण्याचे १९९१ सीसीचे इंजिन वापरले गेले. काही वर्षांतच या गाडीचे उत्पादन थांबले.

दरम्यान डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली होती. आकाराने लहान असली तरी तिचे ७९६ सीसीचे इंजिन व तिचा सांगाडा एकमेकांसाठीच आखलेले होते. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीने १९८५ मध्ये नेमका उलटा मार्ग धरला. तिने फियाट १२४ या १९६६ च्या सांगाड्यात निसानचे ११७१ सीसीचे इंजिन बसवून ११८ एनई ही गाडी काढली. ग्राहकाला आता तुलना करता येऊ लागली आणि जुने इंजिन झाकण्याची सोय संपली.

विश्लेषण

वरील उदाहरणे एकाच मापाने मोजता येणार नाहीत. लँडमास्टरमधील जुने इंजिन ही संक्रमणावस्था होती. कारखाना इंजिन बनवायला शिकत होता आणि शिकलेले एकदम टाकून देणे त्याला शक्य नव्हते. कॉन्टेसा व स्टँडर्ड २००० यांच्या काळापर्यंत तीन दशके लोटली होती. या अवधीत स्वतःचे इंजिन आखण्याची क्षमता निर्माण होणे अपेक्षित होते. परवान्यांनी स्पर्धा रोखलेली, गाडीसाठी ग्राहक वर्षानुवर्षे रांगेत उभा आणि नवे तंत्र आणायचे तर शासनाची परवानगी आवश्यक, अशा स्थितीत आखणीवर खर्च करण्याची निकड कोणालाच भासली नाही. स्वावलंबनाचा अर्थ ‘येथे बनविणे’ एवढाच घेतला गेला, ‘येथे आखणे’ हा घेतला गेला नाही. ज्या इंजिनाने उद्योगाला उभे राहायला शिकविले, तेच पुढे त्याच्या पायातील बेडी ठरले.

तरीही एक गोष्ट नोंदविली पाहिजे. एकच इंजिन दीर्घकाळ चालल्यामुळे त्याचे ज्ञान कारखान्याच्या भिंतीबाहेर पडले. गावोगावच्या मिस्त्रींनी ते आत्मसात केले. औपचारिक शिक्षणाविना तयार झालेले हे कौशल्य त्या धोरणाचे अनपेक्षित फलित होय. आर्थिक इतिहासाच्या ताळेबंदात त्याची नोंद अजून झालेली नाही.

निष्कर्ष

अ‍ॅम्बेसेडरचे उत्पादन मे २०१४ मध्ये थांबले. मुंबईच्या रस्त्यांवरून प्रीमियर पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. या गाड्या भंगारात जात असताना त्यांच्याविषयीची साधनेही नष्ट होत आहेत. नोंदणीपुस्तकातील चासी क्रमांक व इंजिन क्रमांक, सुट्या भागांच्या सूची आणि वयोवृद्ध मिस्त्रींच्या आठवणी ही या इतिहासाची अस्सल साधने आहेत. महाविद्यालयांच्या इतिहास, अर्थशास्त्र व वाणिज्य विभागांनी आपापल्या परिसरात ती जमविण्याचे काम हाती घेतल्यास ते मोलाचे ठरेल.

जुने इंजिन वापरणे हा दोष नव्हे. ते किती काळ वापरले आणि त्या काळात काय शिकले, यावरून त्याचे मूल्य ठरते. पहिल्या उदाहरणात या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. नंतरच्या दोन उदाहरणांत ते मिळाले नाही. आजही परकीय तंत्रज्ञान आयात करून देशी उत्पादनाची भाषा बोलली जाते, तेव्हा हाच प्रश्न पुन्हा विचारणे अगत्याचे आहे.