मद्रासची वेळ, बालाघाटचा मध्यान्ह

गणेश चतुर्थीच्या सकाळी आपल्या घराघरांत एक प्रश्न दरवर्षी निघतो: प्रतिष्ठापना किती वाजता? शास्त्र म्हणते, मध्यान्ही. दिवसमानाचे पाच भाग केले, की तिसरा तो मध्यान्हकाळ, सुमारे अडीच तासांचा. पण भिंतीवरच्या पंचांगातले गणित बहुधा मुंबईचे असते. तिथे भाद्रपदात सूर्य डोक्यावर येतो तो साडेबारानंतर. आपल्या बालाघाटात बारा वाजून पाच-दहा मिनिटांनीच. रेखांशाच्या एका अंशाला चार मिनिटे, या हिशेबाने मुंबईत आणि आपल्यात सुमारे एकोणतीस मिनिटांचे अंतर पडते.

पूर्वी हा घोळ नव्हता. घटिकापात्र पाण्यावर तरंगे ते त्या गावाच्याच सूर्याच्या भरवशावर. गावोगावची वेळ निराळी, आणि त्यात कुणाचे काही अडत नसे. अडू लागले ते आगगाडीमुळे. एकेरी रुळावर दोन स्टेशनांच्या घड्याळांत पाच मिनिटांचा फरक म्हणजे अपघाताला आमंत्रण. म्हणून रेल्वेने मद्रास वेधशाळेची वेळ देशभर घेतली. मुंबई आणि कलकत्ता यांच्या मधोमध पडते म्हणून ती सोयीची.

आता गंमत पाहा. मद्रास वेधशाळेचे रेखांश सुमारे ८०.२५ अंश, आणि बालाघाटचे सुमारे ८०.२. म्हणजे मद्रासची वेळ आणि आपल्या सूर्याची वेळ यांत फरक जेमतेम पंधरा सेकंदांचा! बंगाल-नागपूर रेल्वेची गोंदिया–नैनपूर–जबलपूर छोटी लाईन, ती अडीच फुटी, १९०३ ते १९०५ या काळात पुरी झाली. स्टेशनवरचे घड्याळ आणि अंगणातली सावली तेव्हा वर्षाच्या सरासरीने एकाच वेळी बारा दाखवीत असणार. हे सुख फार टिकले नाही. १ जानेवारी १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली आणि आपला सूर्य घड्याळाच्या नऊ मिनिटे मागे पडला. (मुंबईकरांनी तर या नव्या वेळेविरुद्ध एवढा गदारोळ केला, की तिथे जुनी मुंबई वेळ १९५५ पर्यंत नांदली.)

पण वेळ ठरवणे सोपे, पोचवणे कठीण. रेल्वेच्या नियमपुस्तकात एक जुना नियम आहे: रोज १६ वाजता, म्हणजे दुपारी चारला, मुख्य स्टेशनांना वेळेचा इशारा द्यायचा. त्यावर घड्याळे लावायची. गाडी सुटण्यापूर्वी गार्डाने स्टेशनच्या घड्याळाशी आपले घड्याळ जुळवायचे आणि ड्रायव्हरने गार्डाच्या. सातपुड्याच्या पावसात तार तुटली, तर पुढचा इशारा येईपर्यंत भिस्त स्टेशनमधल्या लंबकावर. तो दिवसाला किती पुढे पळतो किंवा मागे पडतो, हे ठाऊक असलेला स्टेशनमास्तर निर्धास्त.

तारेतून इशारा यायला लागणारा वेळ कसा वजा करायचा, हा प्रश्नही तेव्हाच सुटला होता. १८७० च्या दशकात ग्रेट ट्रिगनॉमेट्रिकल सर्व्हेने तारेच्या मदतीने गावांचे रेखांश मोजले. त्यांची युक्ती अशी: इशारा एकाच बाजूने पाठवायचा नाही. इकडून तिकडे पाठवायचा, मग तिकडून इकडे, आणि सरासरी काढायची. जाता-येतानाचा विलंब सारखा असेल तर तो आपोआप खोडला जातो.

अमेरिकेतल्या डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये संगणकांसाठी वेळ जुळवण्याचा जो नियमसंच मांडला, त्याच्या गाभ्याशी हीच युक्ती आहे. संगणक दूरच्या घड्याळाला वेळ विचारतो, उत्तर यायला एकंदर किती लागला ते मोजतो, आणि त्याचे निम्मे धरतो. दोन सेकंद लागले तर एक. मात्र आपल्या बैहर-परसवाड्याच्या जंगलपट्टीत नेटवर्क कधी जाताना धावते आणि येताना अडखळते. जायला ०.२ आणि यायला १.८ सेकंद लागले, तर निम्म्याचा हिशेब ०.८ सेकंदाने चुकतो. म्हणून संगणक एका उत्तरावर विसंबत नाही. शेवटच्या आठ उत्तरांतले सर्वांत कमी वेळात आलेले तेवढे खरे धरतो. कारण जे वाटेत कमी रेंगाळले, त्यात चूक लपायला जागा कमी. थोडा फरक निघाला तर काटा एकदम ओढत नाही, हळूहळू सरकवतो. आणि नेटवर्क गेलेच, तर आपले घड्याळ रोज किती चुकते हे लक्षात ठेवून तेवढी दुरुस्ती स्वतःच करीत राहतो. चांगल्या स्टेशनमास्तराने दुसरे काय केले?

हे न जमल्यास काय होते, ते ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या कोणालाही विचारा. आतला छोटा सेल मेला, की संगणक कुठल्याशा जुन्या सालात जागा होतो. मग तो सुरक्षित संकेतस्थळावर विश्वास ठेवत नाही, आणि शेवटच्या तारखेला पोरगा पडद्याकडे बघत बसतो.

गणपतीचे मात्र आपल्या हाती आहे. यंदा पंचांगात मुंबईचा मध्यान्हकाळ दिला असेल, तर त्याच्या सुरुवातीतून आणि शेवटातून एकोणतीस मिनिटे वजा करा, आणि आरतीसाठी शेजाऱ्यांना त्या हिशेबाने बोलवा.